आल्माबाईंच्या गाडीतली शेजारची सीट

९ जानेवारी
पोचले एकदाची! ॲडलेडहून निघालेल्या बसने मला आणि टपालाच्या पिशवीला धुळीत उतरवलं आणि ती निघून गेली. एक पब, एक दुकान, एक पेट्रोल पंप; पंपामागे गॅरेज. मालक व्हर्न ट्रिगेल हात पुसत बाहेर आला. "कोरीन ना तू? मेकॅनिक मागवली होती, काडी आली. इंजिनं उचलायची असतात गं इथे, कपबशा नाहीत." मी म्हटलं, साखळी-कप्पी नसेल तर पुढच्या बसने परत जाते. हसता हसता त्याला ठसका लागला. आमचं जमणार!

मागच्या खोलीत पलंग आहे, पंखा आहे. व्हर्नने मटण भरलेली पेस्ट्री गरम करून दिली, वर टोमॅटो सॉस ओतून. इथला जानेवारीतला उन्हाळा भाजून काढतोय, पण मी खूश आहे.

११ जानेवारी
पहिलं माझं स्वतःचं काम. दुकानवाल्या आल्मा लिजेटबाईंची जुनी पांढरी स्टेशन वॅगन ओढत आणली. सुरूच होत नाही. चावी फिरवली की दिवे लागतात, इंजिन मात्र ढिम्म. बॅटरी भरलेली. तिची टोकं घासून चकचकीत केली. अर्थिंगची वायर बदलली. स्टार्टर खोलून थेट बॅटरीला जोडला, तर भणाणून फिरला. परत बसवला, की गप्प. व्हर्न म्हणाला, गाडीला शहरातली माणसं आवडत नसावीत.

१२ जानेवारी
विचित्रच. दुपारी व्हर्न सावलीला म्हणून शेजारच्या सीटवर जाऊन बसला. मी सहज चावी फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू! तो उतरला, इंजिन बंद. पुन्हा बसला, सुरू.

मला आनंदच झाला. सीटखाली एखादी तुटकी वायर वजनाने दबत असणार, बस्स. त्याच्याऐवजी वाळूची पोती ठेवली. काही नाही. मग व्हर्नला तिथेच बसवून दुपारभर एकेक तार तपासत राहिले. तो आतून टोमणे मारत होता. नंतर नंतर नुसते ओठ चाटू लागला.

शेवटी त्याला उतरवून सीट उपटून काढली. खाली वायर नाहीच. नुसता पत्रा. सीट परत बसवून टाकली.

व्हर्न मात्र उतरल्या उतरल्या थेट टाकीच्या नळाला तोंड लावून पाणी पीत होता. बराच वेळ.

१३ जानेवारी
आल्माबाई आल्या. आता कळलं. मागच्या फेब्रुवारीत त्या आणि त्यांचे यजमान विल्फ मिठाच्या तळ्याच्या वाटेवर होते. गाडी बंद पडली. विल्फचा पाय अधू, म्हणून ते बसून राहिले आणि बाई मदत आणायला चालत निघाल्या. माणसं पोचली तेव्हा विल्फ शेजारच्या सीटवर तहानेने वाळून मरून गेले होते. कुणीतरी चावी फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली. "लगेच, बाळा," बाई म्हणाल्या. "जणू काही झालंच नव्हतं."

मग विकून का टाकली नाही, विचारलं. म्हणाल्या, विल्फला सोडून कसं चालेल?

व्हर्नचे ओठ फुटलेत. सकाळपासून किटलीमागून किटली पितोय. म्हणतो, घशाखाली काही उतरतच नाही.

१४ जानेवारी
व्हर्न उठू शकत नाही. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. फ्लाइंग डॉक्टरला फोन केला. विमान गावाबाहेरच्या धावपट्टीवर येतंय, तिथवर आम्हीच न्यायचं. गॅरेजच्या ट्रकचा गिअरबॉक्स मी काल खोलून ठेवलाय, भाग अजून यायचेत. सगळा गाव शेजारच्या गावी क्रिकेटच्या सामन्याला गेलेला. आल्माबाई दुकानातून नुसत्या बघताहेत.

उरली ती पांढरी गाडी. मागे झोपवलं त्याला. सुरू होईना. शपथ, मी सगळं करून पाहिलं. व्हर्नच पुटपुटला, "पुढे बसव गं. वेळ घालवू नकोस."

पुढे बसवलं.

लगेच सुरू झाली.

१४ जानेवारी, दुपार
व्हर्न गेला. वाटेतच. मी पाण्याचा डबा त्याच्या तोंडाला लावून एका हाताने गाडी हाकत होते. तो घोट घेत होता, मी ऐकलं, गिळल्याचा आवाज येत होता—आणि तरी माझ्या डोळ्यांदेखत त्याचे गाल आत आत जात होते. डॉक्टर विचारत होते, किती दिवस वाळवंटात होता? मी म्हटलं गॅरेजात होता, माझ्यासमोर होता. त्यांनी माझ्याकडे कसं पाहिलं!

विमान त्याला घेऊन गेलं. धावपट्टीवर मी आणि गाडी. शेजारची सीट रिकामी. आता ही सुरू होणार नाही, चालतच जावं लागणार, असं म्हणत चावी फिरवली.

पहिल्या झटक्यात.

१५ जानेवारी
चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही. बॅटरी काढून अंगणात ठेवली. पेट्रोलची नळी कापली. चालूच आहे.

आल्माबाईंना बोलवायला गेले. त्यांनी दाराला आतून कडी घातली. म्हणाल्या, विल्फ सुटला एकदाचा.

१५, संध्याकाळ
एवढ्या कोरड्या उकाड्यात गाडीच्या शेजारच्या सीटकडच्या काचेवर आतून वाफ धरलीय. कुणीतरी श्वास घेतंय.

मला तहान—
नाही. ही साधी तहान. उन्हाची.

१६
पाण्याची टाकी पिऊन रिकामी केली मी. सगळी. जीभ टाळूला चिकटते.
त्या दिवशी सीटखाली पाहताना मी बसले होते का तिच्यावर? क्षणभर? आठवत—

बस उद्या. उद्यापर्यंत—

१६
गाडी आता दारासमोर आहे. मी आणली नाही.

काच पुसली गेली. आतून.
व्हर्नच आहे. पण शेजारी नाही, स्टिअरिंगवर बसलाय. नेहमीसारखा हसतोय. रिकाम्या सीटवरची धूळ झटकतोय, हाताने, नीट, जसं आपण कुणाला बसायला जागा—