खाली उतरलेली चिमणी

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार, वहिनीला आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्यालाही. इकडे ठीक. आईच्या शिवणाच्या खोलीत नवा पंखा बसवला, तो पहिल्या दिवसापासून कुरकुरतोय. पूर्वीचे आपण असतो तर रेकॉर्ड करून त्याचा ठेका केला असता.

आपल्या शेवटच्या अल्बमची परीक्षणं आली. एकाने 'प्रगल्भ संयम' असं लिहिलंय. आपल्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी संयमी म्हटलं! दुसरा म्हणतो, 'तीस वर्षं यंत्रांवर संगीत करणाऱ्या या भावंडांनी निरोपाचा अल्बम कानात बोळे घालून केलाय. सगळी झगमग गेली. बहीण तर जवळजवळ ऐकूच येत नाही.' ते वाचून तू पेपर भिरकावलास आणि "चिमणीने शेवटी माती केली" म्हणालास, असं वहिनीने फोनवर सांगितलं. अल्बम मात्र तू अजून लावलेला नाहीस, हेही तिनेच सांगितलं.

रागाव हवं तर. पण आपला नियम आठवतो ना? आई मशीनवर शिवायची आणि आपण खाली टेपरेकॉर्डर घेऊन बसायचो. खालचे आवाज तुझे, वरचे माझे. म्हणून तर मी चिमणी. एकाने आवाज काढायचा, आणि दुसऱ्याने ऐकून 'ठेव' म्हटल्याशिवाय तो राहायचा नाही. आई वैतागायची, "ठेवा आता ते सगळं आणि जेवायला चला!" फार सुखाचे दिवस होते रे ते.

गेल्या वर्षी पाचव्या गाण्यात माझी किणकिण वाजत असताना तू म्हणालास, "इथे तुझं काहीतरी घाल ना." मी खवळले. "लक्ष कुठंय तुझं?" तू हेडफोन काढून ठेवलेस, दमलो म्हणालास आणि निघून गेलास.

आठवड्याने सामान न्यायला आलास. किटली शिट्टी मारत होती. तू तिच्यापाशीच उभा राहून विचारलंस, "पाणी उकळलं नाही का अजून?" मी गॅस बंद केला आणि म्हटलं, "आत्ताच उकळलं." तू माझ्याकडे बघितलंस. मग सामान उचलून निघालास.

वर्षभर हेच लिहायचं टाळतेय. तुला वरचे आवाज ऐकू येत नाहीत, दादा, हे मला ठाऊक आहे. वहिनीला मी सांगितलेलं नाही. ते तूच सांग.

जे तुला ऐकूच येणार नाही, त्याला तू 'ठेव' कसं म्हणणार? म्हणून मी खरोखरच कानात कापसाचे बोळे घालून एकेक गाणं पुन्हा केलं. तो टीकाकार किती अचूक लिहून गेला, त्याचं त्यालाही माहीत नाही. जे मला ऐकू आलं नाही ते काढून टाकलं. माझे सूर खाली आणले, तुझ्या सुरांशेजारी. तो बिचारा मला वर शोधत बसला.

मध्येमध्ये भोकं ऐकू येतील, म्हणून तू लावत नाहीस ना? भोकं नाहीत, दादा. एकही नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा ऐकू येईल तुला.

तेवढा लाव. तीस वर्षांत पहिल्यांदाच मी तुला न विचारता सगळं ठेवलंय. ऐकून झालं की मला एका शब्दाचं पत्र टाक.

तुझ्या शेजारीच बसलेली,
चिमणी