पंतप्रधानांकडून परत आलेल्या चटईची व्यवस्था

मी, सिनाफोआ लेआउपेपे, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार सवाई बेट, सामोआ, सकाळचा कोको पिऊन, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. गुडघे सोडले तर माझी कशाबद्दल तक्रार नाही.

१. जमीन कुळाची आहे. तिच्यावर माझा शब्द चालत नाही, म्हणून लिहीत नाही.

२. पत्र्याचं घर, बँकेतली शिल्लक आणि डुकरं माझी मुलगी तुलिमा हिला. काळी डुकरीण चावरी आहे, सांभाळून.

३. विणताना पानं दाबून ठेवायचे दगड आणि पानं खरवडायचे शिंपले विणकाम मंडळातल्या बायकांना.

४. केवड्याच्या पानांची, लाल पिसांच्या किनारीची तलम चटई. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

ही माझ्या आईने विणली. परदेशचे पंतप्रधान आमच्या गावी आले, तेव्हा गावाने ती त्यांना दिली. आमचा एक सरकारी अधिकारी आईला आधीच म्हणाला होता, "आजी, त्यांच्याकडे भेटवस्तू सरकारजमा होतात. कुठल्यातरी गोदामात पडेल." आई म्हणाली, "पडू दे. पाहुण्याला रिकाम्या हाताने धाडू का?" पंतप्रधान खुर्चीतून उठले, खाली मांडी घालून बसले आणि मान द्यायच्या आमच्या रीतीने चटई दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. त्यांना हे कोणी शिकवलं, देव जाणे. आई रडली.

पुढे आई गेली. बऱ्याच वर्षांनी पंतप्रधानही गेले. मग त्यांच्या पत्नी, हॅरियटबाई, चटई घेऊन एकट्याच गावात आल्या. "यांनी सरकारला किंमत भरून ही सोडवून घेतली होती," त्या म्हणाल्या. "आजारपणात हिच्यावरच निजायचे. शवपेटीवरही हीच घातली. आता तुमची तुम्हाला."

माझी नणंद सालिलो सभागृहात सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वहिनी, दिलेलं परत केलं, म्हणजे तोंडावर फेकलं की गं! घेऊ नकोस."

गावाच्या वतीने बोलायचे ते वक्ते आपसात कुजबुजू लागले. हॅरियटबाई चटई पुन्हा गुंडाळू लागल्या. मी उठले, चटई घेतली, डोक्यावर धरली आणि म्हणाले, "बाई, आमच्याकडे माणूस गेलं की चटई घेऊन येतात. तुम्ही रीतीनेच आलात. बसा, जेवून जा."

सालिलो तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. पण त्या दिवशी हॅरियटबाईंच्या ताटात डुकराचा सगळ्यात चांगला वाटा गुपचूप तिनेच वाढला. मी पाहिलं.

राजधानीतल्या संग्रहालयाचे गृहस्थ ही चटई काचेत ठेवायला मागतात. देऊ नये. चटई या हातातून त्या हातात फिरायला हवी. ती माझ्या अंत्यविधीत, सगळ्या गावासमोर, सालिलोला द्यावी. ती "जुनी आहे" म्हणेल. तरी द्यावी.

५. हॅरियटबाईंना कळवावं. आल्या तर त्यांना घरच्यांच्या रांगेत बसवावं.

साक्षीदार: पाद्री एलिसाया तोफिलाऊ; शिक्षिका फुआमाई लेसा.

ठिकाण: राहतं घर. दिनांक: ७ ऑगस्ट २०१९.

सही: सिनाफोआ लेआउपेपे

ता. क. ज्याला काही मिळायचं त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते, असं पाद्री सांगतात. सालिलो मघापासून दाराशी विचारते आहे, "सहीला मला का नाही बोलावलं?" मी तिला काहीही सांगितलेलं नाही. ती रुसून बाहेर बसली आहे.