कोरे रकाने

३ फेब्रुवारी, मंगळवार

पारितोषिकासाठी शेवटच्या तिनांत आमचा पेपर! हृदयविकारावर वर्षभरात जेवढं संशोधन छापून आलं, त्यातून समितीने तीनच निवडले. लेखकांत पहिलं नाव माझं, शेवटचं सरांचं. सर विभागप्रमुख, एरवी कुणाच्या खोलीत जात नाहीत. आज कॉरिडॉरमधून मला हाका मारत आले — वाटलं, वॉर्डात कुणीतरी कोसळलं. "एकवीस तारखेला स्टेजवर तू बोलायचंस. मी खाली बसून टाळ्या वाजवणार."

आईला फोन केला. तिने एवढंच विचारलं, "पुढच्या रांगेत बसू देतील ना गं? मागून मला काही ऐकू येत नाही."

५ फेब्रुवारी, गुरुवार

समितीला दहा मिनिटांचं भाषण हवंय, आणि रुग्णांच्या नोंदींचा मूळ तक्ताही. दोन वर्षांनी उघडला. चारशे बारा रुग्ण, सगळे हृदय अशक्त होऊन, फुप्फुसांत पाणी साठून आलेले. अर्ध्यांना सहाव्या दिवशी घरी सोडलं, अर्ध्यांना तिसऱ्याच. पुढे महिनाभर सिस्टर सगळ्यांना फोन करायच्या. महिन्याभरातले मृत्यू — सहाव्या दिवशी सोडलेल्यांत दहा, तिसऱ्या दिवशी सोडलेल्यांत नऊ. म्हणजे लवकर घरी सोडलं तरी धोका वाढत नाही. एवढंच आम्ही दाखवलं. त्यावर आमच्या हॉस्पिटलने तिसऱ्या दिवशी सोडायचा नियम केला. आता इतरही करतायत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काहीतरी खटकतंय. प्रत्येकाच्या नावापुढे मृत्यूच्या रकान्यात 'एक' म्हणजे गेला, 'शून्य' म्हणजे जिवंत. पण एकोणीस रकाने कोरे आहेत.

७ फेब्रुवारी, शनिवार

कोरे म्हणजे ज्यांनी फोन उचलला नाही ते. आणि मोजणीच्या प्रोग्रॅमने कोऱ्याला शून्य धरलं. प्रोग्रॅमने कसलं — मी. ती ओळ माझ्या हातची आहे. एकोणीसच्या एकोणीस जिवंत धरले गेले. त्यातले सोळा तिसऱ्या दिवशी सोडलेले.

नवरा स्वयंपाकघराच्या टेबलावर गणिताचे पेपर तपासत होता. विचारलं, कोऱ्याचं तू काय करतोस? "कोऱ्या पेपरला शून्य. पण जो परीक्षेलाच आला नाही, त्याला गैरहजर लिहितो. त्याला शून्य कसं देणार?" मग माझ्याकडे बघितलं आणि लाल पेन खाली ठेवलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी सिस्टरांकडे गेले. फोन करायचं काम त्यांच्याकडे होतं. आता निवृत्त आहेत, बहिणीसोबत राहतात. त्यांनी वह्या जपून ठेवल्यात. चष्मा लावून एकेक नाव बोटाने दाखवत होत्या.

"हे गृहस्थ विसाव्या दिवशी गेले. मुलीने नंतर सांगितलं. या बाई नवव्या दिवशी. शेजाऱ्यांनी दार फोडलं."

"सिस्टर, हे तुम्हाला कधी कळलं?"

"तेव्हाच. फोन लागेना म्हणून मी नातेवाइकांचे नंबर शोधून काढले ना. यादी करून तुम्हाला आणून दिली होती, डॉक्टर. तुम्ही लिहीत होता. म्हणालात, टेबलावर ठेवा."

मला आठवत नाही. किती आठवून बघितलं. ती यादी, तो दिवस, सिस्टर दारात उभ्या — काही म्हणजे काही आठवत नाही. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. निघताना म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही घातलंच असेल ते आत."

१० फेब्रुवारी, मंगळवार

सोळांपैकी सातजण महिन्याच्या आत गेले. एकोणिसांतले उरलेले तीन, सहाव्या दिवशी सोडलेले, तिघेही जिवंत. म्हणजे तिसऱ्या दिवशी सोडलेल्यांतले मृत्यू नऊ नाही, सोळा. आणि पलीकडे दहाच.

सरांपुढे कागद ठेवला. त्यांनी दोनदा वाचला, दार लावून घेतलं.

"अजून कुणाला सांगितलंस?"

"नवऱ्याला."

"सात माणसांनी निष्कर्ष फिरत नाही."

"फिरतो, सर. 'धोका वाढत नाही' असं आता म्हणता येत नाही."

बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मग आवाज खाली आणून — "समारंभ होऊ दे. नंतर शांतपणे दुरुस्ती पाठवू. अकरा दिवसांनी काय बिघडतंय? तुझी पुढच्या महिन्यात बढतीची मुलाखत आहे, विसरू नकोस."

विसरले नाही. खोटं कशाला लिहू — जिना उतरेपर्यंत मला त्यांचं म्हणणं पटलं होतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

भाषणाच्या चार स्लाइड केल्या. पाचवीत आकडे घालायचे होते. बंद केलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सात नंबरच्या खाटेवर एक घड्याळजी आहेत. एकाहत्तर वर्षांचे, दुकानाच्या वरच्या खोलीत एकटेच राहतात. आज तिसरा दिवस. निवासी डॉक्टरांनी घरी सोडायचा कागद तयार ठेवला होता, फक्त माझी सही हवी. नियमाप्रमाणे सगळं चोख. त्यांनी बूटसुद्धा घातले होते.

मी सही केली नाही. म्हटलं, अजून तीन दिवस राहा.

"का? पाणी उतरलंय म्हणालात ना काल?"

"उतरलंय."

"मग?"

काय सांगणार? 'मग माझा हिशेब चुकलाय.' बूट काढताना माझ्या नावाने पुटपुटत होते.

वॉर्डाबाहेर आले आणि डोक्यात आलं, दुसऱ्या हॉस्पिटलांत आज किती जणांनी बूट घातले असतील. तिथे सहीला मी नाही. तिथे माझा पेपर आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळीच पत्र लिहिलं. दोन प्रती — एक नियतकालिकाच्या संपादकांना, एक समितीला. सरांकडे सहीला नेलं. त्यांनी हात लावला नाही.

"तू घाई करते आहेस. त्यात माझंही नाव आहे."

"चूक माझी आहे, तसंच लिहिलंय. तुमच्यावर काही नाही."

"तुला काय वाटतं, लोक एवढं बारीक वाचतात?" हसले, पण चेहरा उतरला होता. "जा. पाठवायचं ते पाठव. मला विचारायला येऊ नकोस परत."

अकरा वाजून दहा मिनिटांनी पाठवलं. पाठवल्यावर मोकळं वाटेल अशी माझी समजूत होती. छे! संध्याकाळपर्यंत सारखी उत्तर आलंय का बघत राहिले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

समितीचं उत्तर, तीन ओळी. आमचा पेपर पारितोषिकाच्या यादीतून काढला, कळवल्याबद्दल आभार. संपादकांनी मूळ कागद मागवलेत. सिस्टरांनी वह्या आजच पाठवल्या, वर चिठ्ठी — "काम झालं की परत करा."

विभागात सगळ्यांना कळलंय. चहाच्या टेबलाशी गेले तर तिथलं बोलणं थांबलं. कप घेऊन खोलीत आले.

घड्याळजी काल घरी गेले. ठणठणीत. जाता जाता म्हणाले, "तीन दिवस फुकट घालवलेत माझे." असतीलही. कळायला मार्ग नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज खरं तर आम्ही समारंभात असतो. आईला चार दिवस टाळत होते, सकाळी सांगून टाकलं. तिने फोन दुसऱ्या कानाला धरला. मग, "तुझ्या हातून चुकलं?"

"हो."

"आणि तूच सांगितलंस?"

"हो."

"बरं. मग आता घरी ये जेवायला. तुझ्या समारंभासाठी मी माझे कपडे इस्त्री करून बसले होते, त्यांचं तेवढं काय करू सांग."

गेले. तिने तेच कपडे घातले होते.

२३ फेब्रुवारी, सोमवार

तिसऱ्या दिवशी सोडायचा नियम स्थगित. नोटीस सरांच्याच सहीने लागली. माझ्याशी मात्र अवाक्षर नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सर माझ्या खोलीत आले. हातात दोरीने बांधलेला गठ्ठा. उभ्यानेच बोलले. "हृदयाच्या गोळीवरच्या माझ्या बारा वर्षांपूर्वीच्या पेपरचे फॉर्म. त्यालाही पारितोषिक मिळालं होतं. फोन न उचलणाऱ्यांना आम्हीही जिवंतच धरलं होतं — आणि मला ते माहीत होतं. तू मोज. माझ्याने होत नाही." गेले.

आईची सकाळची गोळी मी त्याच पेपरवरून सुरू केलीय.