घाबरलीस का?

३ जून, सोमवार
ठमी आज पुन्हा पोहायला उतरली नाही. तलावाच्या पायरीपर्यंत गेली आणि पोट धरून बसली. मी जवळ जाऊन विचारलं — घाबरलीस का गं? झालं! तिने भोकाड पसरलं ते घरी येईपर्यंत. नात सात वर्षांची, हुंदके मात्र मोठ्या बाईचे.

५ जून
मुलगा आणि सूनबाई तिला समुपदेशक बाईंकडे घेऊन गेले. मलाही नेलं. कशाला, ते तिथे गेल्यावर कळलं.
बाई म्हणाल्या, छाती धडधडते, पोटात कालवतं, हे आधी शरीरात होतं. त्याला नाव काय द्यायचं ते लेकरू घरात शिकतं. तीच धडधड मजेचीही असू शकते. मग त्यांनी ठमीला विचारलं, "तुझ्या पोटात असं होतं ना, त्याला काय म्हणतात?"
"आजोबा म्हणतात, ती भीती."
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वर पंख्याकडे बघत बसलो.

६ जून
मुलाने बजावलं, "बाबा, तो प्रश्न आजपासून बंद. जन्मभर गेटवर पहारा केलात, आता घराचं गेट करू नका." चहा अर्धा टाकून उठला. हल्ली त्याचं जेवणातही लक्ष नसतं. कंपनीत माणसं कमी करताहेत म्हणे. त्याला विचारणार होतो — गिळलं.
पण मला दुसरं येतं काय? माझी आई कपाळावर हात ठेवून मला हेच विचारायची. यालाच माया म्हणतात, असं मी धरून चाललो.

१० जून
सूनबाईने शिकवणी घेतली. "बाबा, नुसतं म्हणायचं — पोटात काय होतंय गं? बस, एवढंच." सकाळभर घोकलं. ठमी निघाली तेव्हा तोंडातून आलं, "पोटात काय... पाणी फार खोल नाही ना?"
सूनबाईने कपाळावर हात मारला.

१२ जून
आज तोंडात पेपरमिंटची गोळी धरूनच तलावावर बसलो. ठमी पायरीवर उभी, हात पोटावर. तिने वळून माझ्याकडे बघितलं. मी विचारेन म्हणून थांबली होती पोर! माझंच पोट ढवळून निघालं. पण गोळी सोडली नाही.
उतरली! वर येऊन ओरडली, "आजोबा, गुदगुल्या होत्या! पोटात नुसत्या गुदगुल्या!"
सगळे हसले, मीही हसलो. मग घरी येऊन बसून राहिलो. माझ्या पोटात इतकी वर्षं होत आलं ते काय होतं? या वयात कुणाला विचारू?

१५ जून
ठमी आता पोट धरून माझ्याकडे येत नाही. चांगलंच आहे. चांगलंच आहे ना?

१८ जून
मुलगा भर दुपारी घरी आला. डबा उघडलेला नव्हता. घरात ठमी नाही, सूनबाई नाही. बूट न काढता माझ्या खाटेवर बसला, हात पोटाशी. मी घाईघाईने गोळी तोंडात टाकली.
मग खाली बघतच म्हणाला, "बाबा, मला विचारा ना."