तुझ्या रिमोटची जोडणी

आई, आज रविवार आहे, जेवणं झालीत, आणि मी लॅपटॉप उघडून तुला लिहितेय. तुझ्या त्या गेमच्या रिमोटचं पुढे काय झालं ते तुला सांगायचं राहिलंय.

तुला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा आपण शांती नगरच्या घरात होतो. भाईंदरच्या कारखान्यात इतकी वर्षं स्टीलचे डबे पुसून पॅक करणारा तुझा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, बोटं हलती ठेवा. त्यांनी दिलेला रबरी चेंडू तू फेकून दिलास. "लहान पोर आहे का मी?" मग मी खालच्या दुकानातून एक जुना, नकली बनावटीचा गेम कंट्रोलर आणला आणि लॅपटॉपवर गाडी चालवायचा गेम लावून दिला. तू त्याला रिमोट म्हणालीस आणि त्याला चिकटलीस. बाकीचे लोक त्या गेममध्ये गाड्या ठोकत सुसाट जातात. तू मात्र प्रत्येक सिग्नलला थांबतेस. मागच्या गाड्या हॉर्न मारतायत आणि तू स्क्रीनवर ओरडतेयस, "थांब ना मेल्या, लाल आहे, दिसत नाही?" आत हसता हसता माझी पोळी करपते.

अडचण एकच होती. माझ्या लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर फुकटचं, जगभरच्या लोकांनी आपापल्या वेळात लिहिलेलं. त्यातलं ब्लूटूथ तुझा रिमोट रोज विसरायचं. रोज आधी वायर लावून त्याची ओळख करून द्यायची, मग तो बिनवायरचा चालायचा. ती बारीक पिन तुला एका हाताने बसवता येत नव्हती. मी ऑफिसातून येईपर्यंत तू तशीच बसून राहायचीस. एकदा मी वैतागून म्हटलं, "बनवणाऱ्यांनीच नीट बनवलं नाहीये गं." तू ओट्याशी खुर्ची घेऊन डाव्या हाताने मेथी निवडत होतीस. जीभ अजून जड होती तुझी, पण टोमणा अगदी स्वच्छ आला. "मग तू कर की नीट. दिवसभर कॉम्प्युटरच बडवतेस ना?"

केलं मी. कुठल्यातरी देशातल्या, तो भाग सांभाळणाऱ्या एका अनोळखी माणसाने माझी दुरुस्ती तपासली, दोनदा परत पाठवली आणि शेवटी घेतली. त्यानंतर एके दिवशी मी काशीमीऱ्याला ट्रकांच्या गर्दीत बसमध्ये अडकलेली असताना तुझा फोन आला. "लागला गं," म्हणालीस, आणि ठेवून दिलास. तुझी गाडी तिकडे सिग्नलला उभी असणार.

पुढे तो माणूस थकून बाजूला झाला आणि कंट्रोलर जोडण्याचा तेवढा भाग माझ्याकडे आला. तू गेल्यावरही मी तो सांभाळत राहिले. पगार नाही, सुट्टी नाही. ऑफिस सुटलं की लोकांची गाऱ्हाणी वाचायची. माझा जुळत नाही, माझा मध्येच तुटतो, काल चालत होता, तुम्हीच बिघडवलात. चाललं की कोणी लिहीत नाही. ते चालायचंच, पण माणूस झिजतं गं आई. लेकीच्या शाळेतल्या कार्यक्रमातही मी फोनवर कोणाला तरी समजावत बसलेली असायचे.

मग त्या सॉफ्टवेअरमध्ये एक भोक सापडलं. तुझ्या रिमोटसारख्या जुन्या वस्तूंना आपण खातरजमा न करता आत घेत होतो. त्याच वाटेने शेजारच्या घरातला कोणीही, मी कीबोर्ड आहे म्हणून तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरू शकत होता. दार बंद करायला हवं होतं, वाद नव्हता त्यात. मी दुरुस्ती लिहिली, कपाटातून तुझा रिमोट काढला, चार्ज केला, बटण दाबलं. त्यावरचे चारही दिवे थोडा वेळ लुकलुकले आणि जोडणी न होताच विझले. पुन्हा दाबलं, पुन्हा विझले. म्हणून मी त्या नकली बनावटीपुरता एक अपवाद लिहिला. तपासणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, "हा कशासाठी?" मी लिहिलं, "बरेच लोक वापरतात." त्याचं उत्तर शांतपणे आलं, "एकासाठी दार उघडं ठेवलं तर ते सगळ्यांसाठीच उघडं राहतं." बरोबर होतं त्याचं. त्या ओळी मी स्वतःच्या हाताने पुसल्या. ज्याला धोका पत्करून जुनं वापरायचंय त्याने आपल्या मशीनवर काय बदलायचं, ते नीट लिहून ठेवलं आणि बदल पुढे पाठवला.

त्यावर शिव्या आल्या. एकाने लिहिलं, तुम्हाला साध्या लोकांची किंमत नाही. पूर्वी मी अशांना मोठाली उत्तरं लिहायचे. त्या दिवशी तुझं नाव घेऊन काहीतरी टाईप केलं, खोडलं आणि उठून कुकर लावला.

गेल्या महिन्यात मी तो भाग एका तरुण बाईकडे सोपवला. हुशार आहे, माझ्यापेक्षा शांत आहे. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. नुसती झोप आली.

घरात मात्र अजून कोणाला सांगितलेलं नाही. रविवारी जेवणं झाली की "काम आहे गं थोडं" असं लेकीला सांगते, दार ओढून घेते, लॅपटॉप उघडते आणि काहीही न करता तशीच बसून राहते.