एफ कॉर्डची काहीच गरज नाही

सोमवार, ३ मार्च

आजपासून रोजनिशी. ही वही कोणी वाचायची नाही. फक्त पुढेमागे माझी मुलाखत घ्यायला कोणी आलं, तर तारखा चुकायला नकोत, एवढ्यासाठी.

घटना: डेंटिस्टकडे रूट कॅनल. मी खुर्चीत, जबडा बधिर. डॉक्टर बँडमध्ये ड्रम वाजवतात. (माझ्या दाढेवर त्यांचा हात चालतो ते पाहता नवल नाही.) म्हणाले, १८ मेला दवाखान्याला वीस वर्षं होतायत, लायब्ररीच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवलाय आणि नेमका गिटारवाला बदली होऊन गेला. मी हात वर केला. किती वर्षं वाजवताय, असं त्यांनी विचारलं. तोंडात कापूस. चार बोटं दाखवली.

यात खोटं काही नाही. कॉलेजात असताना मित्राची गिटार चारदा हातात घेतली होती. चार काय, हे डॉक्टरांनी विचारायला हवं होतं.

मंगळवार, ४ मार्च

गिटार आणली. सोबत पट्टा, तारा छेडायच्या पिकांची डबी, काळी टोपी आणि आवाज वाढवणारा मोठा ॲम्प. दुकानदार म्हणाला, घरात वाजवायला छोटा पुरे. त्याला हॉलचं सांगितलं. त्याने बिल फाडलं. ॲम्प चौथ्या मजल्यावर आणताना लिफ्ट असूनही कंबर लचकली.

बायकोने एवढंच सांगितलं, की जपानी भाषेची पुस्तकं आणि योगाची चटई जिथे आहे तिथे शेजारी जागा आहे. लागट बोलण्याकडे कलावंताने लक्ष देऊ नये.

बाबांनी चष्मा लावून गिटारच्या खुंट्या बराच वेळ पाहिल्या. त्यांनी आयुष्यभर स्वतःच्या दुकानात टाइपरायटर दुरुस्त केले. कान लावून कुठली कळ अडकते ते सांगायचे. मी तार लावायला लागलो, तर हात पुढे करून म्हणाले, "राहू दे, मी बघतो." लहानपणापासून हेच. सायकलची चेन, पतंगाची कन्नी, माझ्याच लग्नात माझ्या कोटाचं बटण. राहू दे, मी बघतो.

निश्चय: १८ मे. बाबा पहिल्या रांगेत. त्यांच्या तोंडून "शाब्बास" काढायचं. सेहेचाळीस वर्षांत एकदाही मिळालेलं नाही. एकदा "छान" मिळालं होतं, पण तेव्हा शेजारचा मुलगा माझ्या मागेच उभा होता.

बुधवार, ५ मार्च. पहाटे ५.३०

रोज पहाटे एक तास सराव.

बुधवार, ५ मार्च. सकाळी ८.१०

उद्यापासून.

रविवार, ९ मार्च

शिकवणारं ॲप घेतलं. फोनवर आणि घरातल्या जुन्या टॅबवर एकच खातं. (टॅबवर बाबा बातम्या बघतात.) ॲप आपलं वाजवणं ऐकतं आणि गुण देतं. आज पाऊण तास जीव तोडून वाजवलं. ॲप म्हणत राहिलं, "आवाज ऐकू येत नाही. कृपया गिटार वाजवा." तक्रार पाठवली.

दुपारी चारला पहिली तालीम. जागा: दवाखान्याची वेटिंग रूम. चार माणसं. ड्रमवर डॉक्टर, कीबोर्डवर शाळेतले गणिताचे सर, गायला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या ताई. एक गाणं त्यांनी स्वतः लिहिलेलं. मी टोपी घालून गेलो. छाप पडली. सगळे आधी टोपीकडे आणि मग एकमेकांकडे पाहत राहिले.

डॉक्टरांनी ॲम्पचा आवाज कमी करायला सांगितला. मग आणखी कमी. शेवटी म्हणाले, आज वायर नका लावू, आधी गाणी अंगात मुरू देत. अनुभवी माणूस आहे.

शुक्रवार, २१ मार्च

प्रगती: ए, डी, ई या कॉर्ड, म्हणजे दोन-तीन तारा एकदम दाबून निघणारे सूर. तिन्ही येतात. एकीवरून दुसरीवर जायला थोडा वेळ लागतो, पण घाई कशाला?

एफ नावाची एक कॉर्ड आहे. तिच्यात एकच बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायचं. माणसाच्या हाताची रचना पाहता ही कॉर्ड कोणीतरी सूड म्हणून शोधली असावी. विचारांती ठरवलं, एफची काहीच गरज नाही. तालमीत हे मांडलं. गणिताचे सर म्हणाले, ताईंच्या गाण्यात दर दुसऱ्या ओळीला एफ आहे. सर मला पाण्यात पाहतात.

मंगळवार, १ एप्रिल

गिटार नेहमी सुरात असते. सरांनीही कबूल केलं. मी तर खुंट्यांना हातही लावत नाही. वस्तू चांगली घ्यावी ती अशी.

बाबांच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडलेत. विचारलं. म्हणाले, भाजी चिरतो हल्ली. चिरणारा हात उजवा. पण वय झालं की माणूस विसरतो, म्हणून ताणलं नाही.

माझी बोटं मऊच आहेत. म्हणजे माझं दाबण्याचं तंत्र बरोबर आहे.

गुरुवार, १० एप्रिल

आनंदाची बातमी! ॲप सुधारलं. सकाळी मेसेज: "अभिनंदन! चाळीस तास सराव पूर्ण. एफ कॉर्ड: उत्तम. तुम्ही धडा २६ वर आहात."

मी सातव्यावर होतो असं मला वाटत होतं. खाली तपशील आहे: रोज सकाळी अकरा ते एक. म्हणजे ऑफिसची वेळ. आधी चक्रावलो. मग उलगडा झाला. आमची लिफ्टची कंपनी, मी तक्रार विभागात. अडकलेली माणसं फोनवर ओरडत असतात आणि मी "तक्रार नोंदवली आहे, धीर धरा" असं म्हणत टेबलाखाली बोटं हलवत असतो. मनातल्या मनात वाजवत असतो. फोन खिशात. बोटांची हालचाल त्याला कळत असणार. विज्ञान कुठल्या कुठे गेलंय!

रविवारी मात्र शून्य मिनिटं दाखवतं. नेमका रविवारीच मी प्रत्यक्ष वाजवतो. तेवढा दोष आहे. तक्रार पाठवली.

संध्याकाळी बाबांना मेसेज दाखवला. वाचला. चष्मा काढून पुसला. काहीतरी बोलणार होते, पण मी बँडच्या ग्रुपवर टाकण्याच्या गडबडीत होतो.

रविवार, १३ एप्रिल

चाळीस तासांचा परिणाम. ताईंच्या गाण्यात मध्ये सोलो ठेवायचं ठरलं. सोळा मात्रा फक्त गिटार. सुरुवात एफने. सरांनी आत्ताच वाजवून दाखवायला सांगितलं. म्हटलं, सोलो आधीच दाखवला की शिळा होतो. डॉक्टरांना पटलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं "बरं" म्हणाल्या.

बाबांना सोळा मात्रांचं सांगितलं. त्यांनी सुरावट कागदावर लिहून मागितली. पोराचं कौतुक असतंच, दाखवत नाहीत इतकंच.

सोमवार, १२ मे

सहा दिवस. एफ अजून हातात आलेली नाही, पण ॲपमध्ये आलेली आहे, तेव्हा ती कुठेतरी आत असणार. प्रसंग आला की बाहेर येईल. घाबरलेलो नाही. जेवण जात नाही, ते उकाड्याने.

शनिवार, १७ मे

घाबरलोय.

टोपीला इस्त्री केली. टोपीला इस्त्री करायची नसते. आता ती एका बाजूला कललेली आहे. चांगली दिसते.

रविवार, १८ मे. दुपारी ३.००

हॉल भरलाय. बहुतेक सगळे पेशंट. पहिल्या रांगेत बायको आणि बाबा. बाबांनी पांढरा शर्ट घातलाय, तोच जो ते दुकानात गिऱ्हाईक मोठं असलं की घालायचे. आज "शाब्बास" घेतल्याशिवाय घरी जाणार नाही.

सोमवार, १९ मे

काल काय झालं ते क्रमाने लिहितो. कोणाचा दोष नाही.

पहिली दोन गाणी उत्तम. माझी वायर लावलेली नव्हती. तिसरं ताईंचं. डॉक्टरांनी स्वतः उठून वायर लावली. सोलो आला. सगळे थांबले. मी बोट आडवं ठेवलं, दाबलं आणि वाजवलं. आवाज आला तो आमच्या लिफ्टचं दार घासल्यावर येतो तसा. पुन्हा वाजवलं. पुन्हा तसाच. मग हात हलेना. आमच्याकडे फोन करणाऱ्यांना मी पंधरा वर्षं "धीर धरा" म्हणत आलो. अडकलेल्या माणसाला धीर कुठून धरायचा ते सुचत नसतं, हे मला तिथे कळलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाबा उठले. पायऱ्या चढले. माझ्या गळ्यातून पट्टा काढत हळूच म्हणाले, "राहू दे, मी बघतो."

एक खुंटी किंचित पिळली. मग एफ वाजली. स्वच्छ. त्यामागून सोळा मात्रा. संपल्यावर डॉक्टरांनी ड्रमवर ठेका धरला, म्हणून आणखी सोळा. हॉलने बाबांना डोक्यावर घेतलं. ताई गाता गाता हसत होत्या. मी बाजूला उभा. टोपी माझ्याच डोक्यावर होती.

घरी आल्यावर बाबांना विचारलं, कधीपासून? म्हणाले, "तू ऑफिसला गेलास की. दुकान बंद केल्यापासून हाताला काही कामच नव्हतं रे. घर फार शांत असतं." मला आधी का नाही सांगितलं? "तो मेसेज दाखवताना तू इतका खूश होतास." मग म्हणाले, "आज मी उठायला नको होतं का?"

मी म्हटलं, तसं काही नाही. मला वाईट वाटत होतं. आधी वाटलं माझं वाजलं नाही म्हणून. पण रात्रीच्या जेवणापर्यंत टिकलं ते वेगळंच. दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली. अकरा ते एक बाबा काय करतात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

रविवार, २५ मे

डॉक्टरांचा फोन. तालीम चारला, बाबांना घेऊन या, आणि ॲम्पही. बँडमध्ये माझं पद मॅनेजर. डॉक्टर "मदतीला" म्हणाले, पण अर्थ तोच.

तालमीत बाबा आणि सर यांचं फार जमतं. दोघं मिळून एफबद्दल पाऊण तास बोलले. मी ऐकलं. अजूनही मला तिची गरज पटलेली नाही.

परत आलो तर बिल्डिंगची लिफ्ट बंद. आमच्याच कंपनीची. फोन केला. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा म्हणाला, "तक्रार नोंदवली आहे, धीर धरा." पुढे बाबा गिटार घेऊन, मागे मी ॲम्प घेऊन. दुसऱ्या मजल्यावर बाबा वळले, हात पुढे केला आणि म्हणाले, "राहू दे..." म्हटलं, नाही बाबा. मी नेतो.

नोंद. संध्याकाळी ६.१०. बाबा "शाब्बास" म्हणाले. नीट, माझ्याकडे बघून. मागे शेजारचा मुलगा नव्हता, मी वळून पाहिलं.

कशाबद्दल म्हणाले, हा तपशील इथे आवश्यक नाही.

ॲम्प. चार मजले. एकदाही खाली न टेकवता.