रोहिणी दिसते तोवर

१४ मार्च, संध्या. ७.३०
बाबा पास. गच्चीवर नेलं, म्हटलं, टाकीच्या वर बघा, लालसर तारा. लगेच बोट केलं, बरोबर रोहिणीवर. करार त्यांचाच आहे: नुसत्या डोळ्यांनी रोहिणी दिसते तोवर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं नाही. मला शास्त्रीय वाटतो. आई म्हणाली, सकाळी चहात मीठ घातलं त्यांनी. मी म्हटलं, डबे सारखेच आहेत.

१५ मार्च
चैन नाही. मी हिंट दिली का? चौथीपर्यंत मला बाबांनीच घरी शिकवलं, पण उत्तर कधी सुचवलं नाही. उद्यापासून फक्त विचारायचं, रोहिणी कुठेय?

१६ मार्च
विचारलं. बाबांनी मान वर केली. मग म्हणाले, आधी तू सांग, तुझं पाठांतर बघू. सांगितलं. त्यांनी बोट केलं. पास. (मी विद्यार्थिनी म्हणून बोलले. ती हिंट धरत नाही.)

२ एप्रिल
खालच्या मजल्यावरच्या मॅबेल आंटीने जिन्यात अडवलं. मूळची उत्तनची, तोंडाने फटकळ. म्हणाली, तुझ्या पप्पाला दिसत न्हाय गो पोरी. माझ्या बोंबलाच्या पिशवीवर पाय दिला, आनी सॉरी बोलला, ते पन भिंतीला. मी हसले. जिन्यातला बल्ब गेलाय. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगायचं.

१९ एप्रिल
बल्ब नवा. बाबा तरी शेवटच्या पायरीवर चुकले. चप्पल सैल आहे. नवी आणायची.
वर गेल्यावर म्हणाले, रोहिणीच्या गाभ्यातलं इंधन संपलंय, म्हणून ती एवढी फुगलीय. म्हातारपणी असंच होतं. आणि स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. हसून हसून पुरेवाट. नजर गेलेला माणूस असे जोक करेल का?

६ मे
रोहिणी पश्चिमेला पार खाली आलीय, समोरच्या बिल्डिंगला टेकायच्या बेतात. मी रोज नवा पत्ता सांगते, बाबा रोज पास. आई वाद घालत नाही. तिने डॉक्टरचं कार्ड फ्रिजवर लावलंय. मी त्यावर गॅसवाल्याचं कार्ड लावलं.

२२ मे, संध्या. ७.४५
आज मी अक्षरही बोलले नाही. बाबांनी आपणहून समोरच्या बिल्डिंगवर बोट केलं. म्हणाले, ही काय, आज छान लाल दिसतेय.
तिथे काहीच नव्हतं. सूर्य रोहिणीजवळ आलाय, आता महिनाभर ती दिसणारच नाही. हे मला बाबांनीच शिकवलंय.
मी म्हटलं, हो बाबा, छान आहे.

२३ मे
दोनच शक्यता. बाबांची नजर असामान्य आहे, किंवा माझी अधू झालीय. माझी असणार. मोबाइल फार बघते. फ्रिजवरचं कार्ड काढून माझ्या नावाने अपॉइंटमेंट घेतली. बाबा म्हणाले, एकटी नको जाऊस, सोबत येतो.

२५ मे, दुपार
दवाखाना भाईंदर पश्चिमेला. माझे डोळे उत्तम. बाबा वेटिंगमध्ये रिकाम्या खुर्चीवर बसायला गेले. खुर्चीत एक आजी होत्या. त्या ओरडल्या. डॉक्टर बाहेर आले, बाबांकडे बघत राहिले, आणि मला म्हणाले, पेशंट तुम्ही नाही ना?
काचबिंदू. डावा डोळा गेलाय. उजव्यात थोडी नजर आहे ती टिकवायची. गेलेली परत येत नाही. मार्चमध्ये आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, म्हणाले. मी म्हटलं, मार्चमध्ये ते पास होत होते. डॉक्टरांना कळलं नाही.

२५ मे, संध्या. ७.३०
बाबांच्या डोळ्यांत थेंब घातले. एक गालावर गेला, तो पुसला. विचारलं, मार्चपासून काहीच दिसत नव्हतं का? म्हणाले, तुझा आवाज कुठे वळतो ते कळायचं ना. आणि तू इतकी खूश व्हायचीस.
मग चप्पल शोधत म्हणाले, चल, वर जायची वेळ झाली.